यंत्रांच्या बेटावर नवख्याने जगायचं कसं

बासिमला जाऊन तेहतीस दिवस झाले होते. गुरुवार होता, म्हणून इनायत सकाळपासून परातीत शुरेकचं पीठ मळत बसली होती. हे गोड पाव टोपलीत घालून कबरस्तानात न्यायचे आणि दिसेल त्याच्या हातात एकेक ठेवायचा. घेणारा म्हणतो, "अल्ला त्याच्यावर दया करो," आणि ते म्हणणं आत झोपलेल्यापर्यंत पोचतं. दर गुरुवारी सत्तर पाव. हा पाचवा गुरुवार.

तेवढ्यात हज्जा फौकिया आली. दारात चपला काढायच्या आधीच तिचं सुरू झालं.

"बासिमची आई, ते पोराचं मोबाइलमधलं काढून टाकलंस का गं?"

फौकिया म्हणजे वरच्या मजल्यावरची शेजारीण. मनाने लोणी, पण जिभेला कुलूप नाही. आमच्या दमियात शहरातल्या सुतारगल्लीत कुणाकडे मयत झालं की पहिलं पातेलं तिच्या घरून येतं आणि पहिला सल्लाही तिच्याच तोंडून येतो. बासिम गेला तेव्हा तीन दिवस इनायतच्या घरात चूल पेटली नव्हती. मसूराचं सूप, भात, सगळं फौकियाने पुरवलं. त्या बाईला 'तू तुझं बघ' म्हणायला तोंड कुठून आणायचं?

"कुठलं मोबाइलमधलं, हज्जा?"

"अगं, त्याचं ते चॅनेल! आमचा जावई सांगत होता. बासिमच्या हातात बंदूक, समोर लोखंडी भुतं, आणि धाडधाड गोळ्या. हजारो लोक बघतात म्हणे अजून." फौकिया खाली बसली आणि न सांगता पिठाचे गोळे करायला लागली. "परवा मशिदीत धडा घेणाऱ्या बाईंनी काय सांगितलं, तू नव्हतीस. माणूस मेला की त्याचं करणं थांबतं, पण मागे ठेवलेलं थांबत नाही. कुणी पाणपोई बांधली, कुणी चार अक्षरं शिकवली, तर त्याचं पुण्य पोचत राहतं. आणि वाईट ठेवलं असेल तर तेही पोचतं, बाई. जितक्यांदा कुणी ते उघडून बघेल तितक्यांदा. पोर तिथे एकटं पडलंय, आणि वर हे ओझं!"

इनायतचे हात पिठातच थांबले.

"माझ्या पोराने कधी मुंगी मारली नाही, हज्जा."

"मला का माहीत नाही? म्हणूनच सांगते. चाळिसाव्या दिवसाच्या आत करून टाक. मी तुझ्या वाइटावर आहे का?"

नव्हती. वाइटावर असती तर बरं झालं असतं. तिचं बोलणं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देता आलं असतं.

आता बासिमचं सांगायला हवं. सात वर्षांचा असताना त्याला ताप आला, सांधे सुजले, आणि जाताना तो ताप हृदयाची झडप खाऊन गेला. तेव्हापासून पळणं बंद, चेंडू बंद, जिने मोजून. घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक खिडकी आहे, तिच्या कट्ट्यावर तो टेकायचा आणि म्हणायचा, "तू हो पुढे आई, मी जरा बाहेरचं बघतो." बाहेर बघायला काय होतं? समोरच्या कारखान्याची भिंत. इनायतला कळत होतं, आणि तिला कळतंय हे त्यालाही कळत होतं. दोघं एकमेकांना खेळवत होते.

मग अठराव्या वर्षी घरात संगणक आला आणि पोरगं त्या खेळात शिरलं. एक बेट आहे म्हणे. हे एवढं मोठं, जाल तिकडे वाट. माणसं सगळी कुठे गेली कुणास ठाऊक, आणि रस्त्यांवर, शेतांत, रिकाम्या घरांत लोखंडी यंत्रं हिंडतात. काही कुत्र्यासारखी, काही बगळ्यासारखी लांब पायांची. ती माणूस दिसला की मारतात. तुम्ही हातात काही नसताना समुद्राच्या काठाला येऊन पडता आणि तिथून जगायचं. बासिम तिथे पळायचा. डोंगर चढायचा, पूल ओलांडायचा, भिंतीवरून उड्या मारायचा, आणि चार तास खेळला तरी त्याला दम लागत नसे. पण हे इनायतला कुणी असं समजावून सांगितलंच नाही. तिला दिसायची ती बंदूक.

"जळलं मेलं ते खेळणं!" ती म्हणायची. "बावीस वर्षांचा घोडा झालास, लोखंडी कुत्री मारत बसतोस! त्यापेक्षा कुराणातल्या चार आयती पाठ कर."

"आई, ती कुत्री मला मारायला येतात. मी काय करू, ओवाळू त्यांना?"

"तोंड वर करून बोल आणखी!"

पुढे पुढे तो नवख्या खेळणाऱ्यांसाठी व्हिडिओ करायला लागला. कसं लपायचं, काय उचलायचं, कुठे झोपायचं. आईची बोलणी नकोत म्हणून ती खाली उतरली की दार लावून बोलायचा. ती त्याचंच औषध आणायला, त्याच्याचसाठी संत्री आणायला तीन मजले उतरायची, आणि ती पुन्हा चढून येईपर्यंत त्याचं बोलून झालेलं असायचं. एवढ्या वर्षांत तिने त्यातलं अक्षरही ऐकलं नाही.

आणि आता तो गेल्यावर तर ती ऐकणारच नव्हती. मेलेल्याचा आवाज ऐकायचा? छाती फुटली असती.

फौकिया गेली, पण तिचं बोलणं घरातच राहिलं. इनायत पावाच्या रांगेत उभी राहिली की पुढच्या बाप्याच्या हातातल्या फोनकडे तिची नजर जाई. हा आत्ता बासिमचं तर बघत नाही? त्या फोनमधून धाडकन आवाज आला की तिला वाटे, माझ्या लेकरावर आणखी एक दगड पडला. एकदा तर तिने एका परक्या माणसाला विचारलंच, "काय बघतोस रे?" तो म्हणाला, "फुटबॉल, मावशी," आणि तिच्याकडे बघत राहिला.

नवऱ्याला विचारावं, तर उस्ता मुरसीची गत अशी की दिवसाला दहा शब्द बोलला तर त्यातले सहा लाकडाशी. खुर्च्यांचे पाय कोरण्यात त्याचा हात धरणारा गल्लीत नाही. बासिम गेल्यावर चौथ्या दिवशी तो उठला, पोराचा जुना, काच तडकलेला फोन खिशात घातला आणि कामाला गेला. तेव्हापासून रोज सकाळी जातो आणि दिवेलागणीला येतो. स्वतःच्या हाताने फोन चार्जिंगला लावतो, जेवतो, पडतो. इनायतला आतून राग होता त्याचा. माणसाच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस नाही! पोरगं होतं की रंधा मारलेली फळी?

तरी तिने विचारलं. "अहो, बासिमचं ते चॅनेल काढून टाकावं म्हणते मी. त्याला त्रास नको."

मुरसीने मान वर केली. चॅनेल म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं. टीव्हीवर असतं ते, एवढंच.

"तुला बरं वाटेल ते कर," तो म्हणाला. झाले पाच शब्द.

राहिली नग्ला. बासिमची थोरली बहीण, बालवाडीत शिकवते. त्याचा परवलीचा शब्द तिलाच ठाऊक होता. इस्पितळात त्याने तिच्या तळहातावर लिहून दिला होता. बुधवारी, म्हणजे चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी, ती दुपारी शाळेतून आली तेव्हा इनायत हातपाय धुऊन, वजू करून, डोक्याला पांढरी ओढणी गुंडाळून, जेवणाच्या टेबलापाशी बसली होती. समोर बासिमचा संगणक.

"उघड," ती म्हणाली.

"आई, ऐक माझं. त्यात वाईट काही नाहीये. नवीन माणसांना शिकवतो तो. मी पोरांना शिकवते तसंच."

"तू बंदूक चालवायला शिकवतेस?"

"अगं, एक तरी लावून बघ! एकच. आवाज तरी ऐक त्याचा."

"नको!" इनायतने दोन्ही हात कानांवर ठेवले. "मला माहितीये तुझा डाव. ऐकलं की माझा हात उचलणार नाही. मग मी माझ्या सुखासाठी त्याला तिकडे ओझ्याखाली ठेवू? आई आहे मी त्याची. उघड म्हणते ना! नाही उघडलंस तर तुला पाजलेलं दूध माफ करणार नाही, कयामतपर्यंत."

असं म्हटल्यावर मुलीने काय करावं? उंटावरून शहाणपण सांगायला आपलं काय जातं. नग्लाने उघडलं.

त्रेचाळीस व्हिडिओ होते. एकदम सगळे काढायची वाट नग्लाला माहीत होती, पण ती बोलली नाही. एकेक करता करता आईचं मन पालटेल असं तिला वाटलं.

"एकेक काढावं लागेल," ती म्हणाली. "आणि दरवेळी तो विचारेल, कायमचं काढायचं का. एकदा गेलं की परत मिळत नाही."

"मी दाबते. कुठे दाबायचं ते दाखव. त्याला कळू दे, आईने सोडवलं म्हणून."

नग्लाने नाव वाचलं. "पहिला. 'नवख्यांनो, यंत्र दिसलं की आधी गोळी झाडू नका.'"

"मग काय करायचं म्हणतो?" इनायतच्या तोंडून निघून गेलं.

"लपायचं. ते कुठून येतं, कुठे वळतं ते बघून घ्यायचं. बहुतेक वेळा ते आपणहून निघून जातं."

इनायत पडद्याकडे बघत राहिली. मग बिस्मिल्ला म्हणून तिने दाबलं.

"'कुठल्याही घरात शिरण्याआधी मागचं दार कुठे आहे ते बघून ठेवा.'"

दाबलं.

"'दिसेल ते उचलू नका. ओझं झालं की पळता येत नाही.'"

"ओझंच काढतेय रे राजा," इनायत पुटपुटली आणि दाबलं.

"'जखम झाली की लगेच बांधा. पट्ट्या पुढे लागतील म्हणून जपून ठेवणारे पट्ट्यांसकट मरतात.' आई, बघ ना, खाली लोकांनी काय लिहिलंय. नुसतं आमीन, आमीन, आमीन..."

"बंदुकीच्या खाली आमीन? तौबा! लोकांचं मला वाचून दाखवू नकोस."

नग्लाला वाटलं, बासिम गेल्याचं कळल्यावर लोकांनी लिहिलं असेल. तिने हे व्हिडिओ कधीमधी लावले होते. पण ती खेळणारी नव्हे, दोन मिनिटं भावाचा आवाज ऐकून बंद करायची. शेवटापर्यंत ती कधी पोचलीच नव्हती.

"'दम लागला तर थांबा. आडोसा बघून बसा. थांबणं म्हणजे हरणं नव्हे.'"

यावर इनायतचं बोट वरच राहिलं. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीचा कट्टा तिच्या डोळ्यांपुढे आला.

"ठेवू या, आई?" नग्लाने हळूच विचारलं. "हा एक?"

"एकाचंही ओझं ओझंच." आणि दाबलं.

असे एकामागून एक गेले. आवाजाने यंत्रं येतात, म्हणून वाकून चाला. उजेड बंद ठेवा. बगळ्याच्या पायांवर नेम धरा, डोक्यावर नको. जोडीदार पडला तर त्याला सोडून जाऊ नका, दहा मोजेपर्यंत तो उठू शकतो. नग्लाचा आवाज बसला होता. इनायतच्या बोटाला मात्र सवय झाली होती. शेवटी एक राहिला, सगळ्यांत नवा.

"'निघण्याआधी एक घर पक्कं करा. मेलात तर तिथेच पुन्हा उठाल.'"

"पुन्हा उठाल?"

"खेळात, आई. खेळात मेलं की माणूस त्या घरात पुन्हा जागा होतो. आधी पोचून दार उघडून ठेवलं असेल तर."

इनायतने स्वतःच्या दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं. दुपारी वारा यावा म्हणून ते उघडंच असे. कितीतरी वेळ ती तिकडे बघत होती; मग तिने ओढणीने डोळे पुसले आणि शेवटचं दाबलं. पडद्यावर आलं, इथे काहीही नाही.

"सुटलास, माझ्या राजा," ती म्हणाली.

तिने दोन रकात नमाज पढली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली. चीज आणि टोमॅटो घालून तिने पाव खाल्ला, आणि उद्याच्यासाठी पीठ घ्यायला बसली. उद्या सत्तर नव्हे, दीडशे पाव करायचे होते. नग्ला आतल्या खोलीत तोंड भिंतीकडे करून पडली होती. इनायतला वाटलं, पडू दे. उद्या कळेल तिला. स्वतःला पोर झालं की कळेल.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, बांग व्हायच्या आत जिन्यावर पावलं वाजली. मुरसीची. या वेळेला तो कधी येत नाही. पापण्यांवर भुसा, कानावर पेन्सिल तशीच, आणि हातात तो तडकलेला फोन.

"नग्ला कुठेय?" त्याने दारातूनच विचारलं.

"काय झालं? हात कापला का?"

"नाही गं. फोन बिघडला." तो लहान पोरासारखा फोन पुढे धरून उभा होता. "बघ ना काय झालंय याला. पोरगा बोलत नाहीये."

इनायतला आधी कळलंच नाही. आतून नग्ला आली, तिने बापाच्या हातातला फोन बघितला, आणि तिथेच जमिनीवर बसली.

"बाबा, तुम्ही ऐकत होतात?"

"रोज," मुरसी म्हणाला. "त्यानेच लावून दिलं होतं मला, इस्पितळात जायच्या आधी. हे बोट इथे ठेवायचं, म्हणाला. मला दुसरं काही येत नाही. एक खुर्चीचा पाय कोरायला घेतला की एक लावायचा. तो संपेस्तोवर पाय होतो. मग दुसरा." एवढं बोलायची त्याला सवय नव्हती, तो मध्येच थांबून श्वास घेत होता. "आज सकाळी दोन झाले. तो दम लागण्याचा पण झाला. दुपारी तिथेच डबा खाऊन बसलो, तर लागतच नाही. बाजूच्या गाळ्यातल्याला दाखवलं, तो म्हणतो, उस्ता, इथे काही नाहीच. नाही कसं? सकाळी होता."

इनायतचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

"अहो," ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं. चॅनेल काढू का म्हणून विचारलं होतं ना?"

मुरसीने तिच्याकडे बघितलं, मग फोनकडे. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला उलट बोलता आलं असतं. स्टूल ओढून तो बसला आणि त्याने फोन मांडीवर ठेवला.

"हे चॅनेल होय," तो म्हणाला. "मला वाटलं टीव्हीचं काहीतरी."

"त्यात गोळ्या होत्या हो! ते हराम संगीत होतं! हज्जा म्हणाली, जितक्यांदा कुणी बघेल तितक्यांदा त्याला..."

"संगीत नव्हतं. त्याला आवडायचं नाही. वारा असायचा नुसता, आणि तो. गोळ्याही थोड्याच. सारखा म्हणायचा, झाडू नका, लपा, जाऊ द्या त्याला." मुरसीने पापण्यांवरचा भुसा पुसला, तो ओला होऊन हाताला चिकटला. "शेवटी काय म्हणायचा, ते ऐकलंस का तू कधी?"

"नाही."

"प्रत्येक वेळी म्हणायचा. एकदाही चुकला नाही."

"काय म्हणायचा?"

"म्हणायचा, एवढं तुम्हाला शिकवलं, आता माझं एक काम करा. माझ्या आईसाठी दुआ करा. तिचे गुडघे दुखतात, आणि मला जिना चढवत नाही म्हणून माझ्या वाटचेही जिने तीच चढते. आत्ताही खालीच गेलीय. ती वर पोचायच्या आत आमीन म्हणा." मुरसी थांबला. "आणि लोक लिहायचे खाली. आमीन एवढं मला वाचता येतं. एकावर तीन हजार होते."

नग्लाने तोंडावर हात दाबून धरला. "ते तुझ्यासाठी होतं, आई. ते आमीन. मी वाचत होते तुला, तू वाचू दिलं नाहीस."

इनायतने पिठातून हात काढले आणि तशाच हातांनी संगणकाशी गेली. "परत आण. नग्ला, परत आण म्हणते ना! दाब काहीतरी! माझं चुकलं म्हणून सांग त्याला!"

"नाही येत, आई. विचारलं होतं त्याने. त्रेचाळीस वेळा विचारलं."

मग इनायत जशी रडली, तशी ती कबरस्तानातही रडली नव्हती. वरच्या मजल्यावर ऐकू गेलं. फौकिया धावत खाली आली, उंबऱ्यात थांबली, आतला प्रकार बघून एक पाऊल मागे सरली आणि तशीच वर गेली. असे गुपचूप जिने तिने जन्मात चढले नसतील. इनायत कपाळ बडवून घेत होती आणि कपाळाला पीठ लागत होतं. माझ्या हाताने, म्हणत होती, माझ्याच हाताने गं! हजारो माणसं माझ्यासाठी हात पसरून उभी होती, माझ्या लेकराने उभी केली होती, आणि मी एकेकाला हाकललं. आवाज होता त्याचा घरात, आणि मी कान झाकून घेतले.

मुरसीने तिला रडू दिलं. बऱ्याच वेळाने, ती नुसतीच हुंदके देत होती तेव्हा, तो म्हणाला, "बासिमची आई, मला पाठ आहे."

तिने वर बघितलं.

"रोज ऐकलंय. सगळं नाही, पण पुष्कळ पाठ आहे."

"म्हणा," ती म्हणाली. "म्हणा ना हो. पहिल्यापासून."

मुरसीने घसा खाकरला. यंत्र म्हणजे त्याच्या लेखी करवत. ते बेट, ते बगळे, ती रिकामी घरं, यातलं त्याने काही कधी पाहिलं नव्हतं; फोन तर तो कोरीवकामाच्या भुशात पालथा ठेवून ऐकायचा. पण तो बोलायला लागला, आणि बोलताना मध्येच थांबायचा, दम घ्यायचा, थेट बासिमसारखा.

"नवख्यांनो, सलाम. घाबरू नका. तुम्ही समुद्राच्या काठाला आहात आणि तुमच्या हातात काही नाही. सगळेच असे येतात. आधी बसा. ऐका. यंत्राचा आवाज लांबून येतो, त्याला लपता येत नाही, तुम्हाला येतं. दिसलं की लगेच गोळी झाडू नका..."

इनायत त्याच्या पायाशी बसून ऐकत होती. मागच्या दाराचं झालं, ओझ्याचं झालं, पट्ट्यांचं झालं. दमाचं सांगताना मुरसी स्वतःच अडखळला आणि नग्लाने त्याला पाणी दिलं. बाहेर असरची बांग झाली तरी तो थांबला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस एवढं सलग बोलत होता. शेवटी तो आला त्या जागी.

"एवढं तुम्हाला शिकवलं, आता माझं एक काम करा. माझ्या आईसाठी दुआ करा. तिचे गुडघे दुखतात..." पुढचं त्याच्याने झालं नाही.

"आमीन," नग्ला म्हणाली.

"आमीन," मुरसी म्हणाला.

आणखी कुणी म्हणतंय का म्हणून इनायत वाट बघत राहिली. उघड्या दारातून वारा येत होता. हातांवरचं पीठ वाळून त्याला भेगा पडल्या, तरी ती तशीच बसून होती.